धोरणात आम्हाला कुठे धरलंय? दिव्यांग आणि सरकारी कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी दिव्यांगांचे अर्ज भरून देणं, दाखल्यांचा पाठपुरावा करणं, ग्रामपंचायतींशी भांडणं आणि कधीकधी त्यांच्याबरोबर बसून आराखडे करणं, हे माझं गेल्या काही वर्षांचं काम. मी स्वतः पायाला कॅलिपर (आधाराचा साचा) लावून चालतो. खालचे प्रश्न सरपंचांनी, नगरसेवकांनी, अधिकाऱ्यांनी, पालकांनी आणि आमच्यातल्याच लोकांनी विचारलेले आहेत. काही उत्तरांत चिडचिड दिसेल. ती मुद्दाम काढलेली नाही.

दिव्यांग म्हणायचं, अपंग म्हणायचं की विकलांग?

सरकारी कागदावर 'दिव्यांग' आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला आणि तो लगेच रूढ झाला. आमच्यात मात्र यावर एकमत नाही. काहींना तो आवडतो. काही म्हणतात, 'दिव्य' काही नको, जिन्याला कठडा लावा. मी या लेखात 'दिव्यांग' वापरतोय, कारण अर्जावर तोच लागतो. समोरच्या माणसाला काय आवडतं ते त्यालाच विचारा. 'मूकबधिर', 'मतिमंद', 'वेडा' हे शब्द मात्र ठरावातून आणि फलकांवरून काढाच. कर्णबधिर माणूस मुका नसतो, त्याची भाषा हातांची असते.

आमच्या गावात दिव्यांग जेमतेम सात-आठ. त्यांच्यासाठी धोरण वगैरे कशाला?

सात-आठ हा आकडा कुठून आला, हे आधी विचारा. बहुतेक वेळा तो ग्रामपंचायतीत येऊ शकणाऱ्यांचा असतो. जे येऊ शकत नाहीत ते मोजलेच गेलेले नसतात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. उत्तर प्रदेशानंतर देशात सर्वाधिक. पण त्या वेळचा कायदा १९९५ चा होता आणि त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याने आलेलं अपंगत्व, पार्किन्सन, स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता हे सगळं आता यादीत आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची किती घरं आहेत, हे तिथल्या कुठल्याही आशाताईंना विचारा. म्हणजे जुना आकडा आहे तोच मुळात लहान कपड्यातला.

जनगणनेची माणसं दारात आली की घरच्यांनी लपवायचं नाही, हे गावात आधीच सांगून ठेवा. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून धाकट्या भावाचं नाव न सांगणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. नोंद झाल्याने काही मिळतं, हे त्यांना कधी दिसलेलंच नसतं.

कायदा नेमकं काय सांगतो? थोडक्यात सांगा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा. दारिद्र्य निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण, त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलं की हे लागू होतं. भेदभावाला मनाई आणि सोयीसुविधांचा हक्क मात्र ४० टक्क्यांखालच्यांनाही आहे, हे अनेक कार्यालयांना माहीतच नाही.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: 'वाजवी सोय'. एखाद्या विशिष्ट माणसाला त्याच्या गरजेप्रमाणे, समोरच्यावर अवाजवी ओझं न टाकता केलेला बदल. परीक्षेत लेखनिक, कर्णबधिरासाठी दुभाषा, मनोविकाराचं औषध घेणाऱ्याला सकाळी थोडं उशिरा येण्याची मुभा. लेखनिकाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच स्पष्ट केलंय की तो फक्त ४० टक्केवाल्यांपुरता नाही. त्या प्रकरणातल्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि टक्केवारीत तो बसत नव्हता.

पाच टक्के निधी म्हणजे नेमका कशाचा पाच टक्के? तो कसा खर्च करायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. आधी तो ३ टक्के होता. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, बाजार कर, गाळ्यांचं भाडं वगैरे. वित्त आयोगाचे पैसे यात धरत नाहीत. त्यामुळे गाव मोठं पण वसुली रडतखडत, अशा ठिकाणी निधीही तोळामासा असतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. वर्षभर कुणाला आठवण नसते. मार्च उजाडतो, लेखापरीक्षणाची भीती वाटते, मग घाईने यादी काढून सगळ्यांना सारखी रक्कम वाटली जाते. समजा उत्पन्न ८ लाख, म्हणजे निधी ४० हजार. यादीत ३२ जण. प्रत्येकी साडेबाराशे. फोटो, हार, नारळ, झालं. घेणाऱ्याला मी कधीच नावं ठेवणार नाही, साडेबाराशेत महिन्याची औषधं येतात. पण त्या ३२ जणांत अंथरुणाला खिळलेली एक मुलगी आहे, तिला गरज आहे ती बेडसोर होऊ न देणाऱ्या गादीची. एक जण झेरॉक्सचं दुकान टाकू पाहतोय. एका कर्णबधिर मुलाला श्रवणयंत्राचे सेल परवडत नाहीत म्हणून यंत्र डब्यात पडून आहे. सारखं वाटप म्हणजे न्याय, असं वाटतं. पण गरज सारखी नसली की ते वाटप कामचुकारपणाचं होतं.

आमच्या अनुभवातून सुचलेली पद्धत अशी: एप्रिल-मे मध्ये घरोघर जाऊन गरजांची वही करा. त्यातला काही भाग वैयक्तिक मदतीला, काही सामायिक कामाला असं दिव्यांगांच्याच बैठकीत ठरवा. मग ते गावच्या विकास आराखड्यात घाला, म्हणजे मार्चची वाट पाहावी लागत नाही. आणि एक पथ्य: समाजमंदिराचा रॅम्प ५ टक्के निधीतून करू नका. समाजमंदिर सगळ्यांचं आहे, मग रॅम्पही त्याच कामाच्या अंदाजपत्रकात बसला पाहिजे. दिव्यांगांच्या पैशातून गावाची इमारत कायदेशीर करून घेणं म्हणजे आमच्याच ताटातलं आम्हाला वाढणं.

रॅम्प बांधला. आता तरी झालं ना?

कुठला रॅम्प? मोटारसायकल चढवायला केलेला की चाकाच्या खुर्चीसाठी?

उताराचं प्रमाण १ ला १२ असतं. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. ग्रामपंचायतीचं जोतं दोन फूट असेल तर चोवीस फूट लांबीचा रॅम्प लागतो, मध्ये सपाट थांबा आणि दोन्ही बाजूंना कठडे. मी पाहिलेले निम्मे रॅम्प सहा-सात फुटांत दोन फूट चढतात. त्यावरून एकट्याने चढणं सोडाच, मागून ढकलणाराही घसरतो. एका कार्यालयात तर रॅम्प छान, गुळगुळीत (तोही दोषच, पावसात), वर गेलं की दरवाज्याला सहा इंचांचा उंबरा. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "साहेब, अंदाजपत्रकात रॅम्पच होता."

हेच खरं दुखणं आहे. आमच्याकडे 'सुगम' म्हणजे एक वस्तू असते, वाट नसते. बसथांब्यापासून टेबलापर्यंतची पूर्ण वाट तपासा: रस्ता, फाटक, पायरी, दार, टेबलाची उंची, शौचालय. शौचालयाचं तर विचारूच नका. दिव्यांग बायका तालुक्याला यायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. कुठल्या अहवालात हे येत नाही.

मुंबईचं उदाहरण घ्या. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून खांब ठोकले. दोन खांबांत अंतर इतकं कमी की चाकाची खुर्ची आत जाईना. शिवाजी पार्क भागातल्या एका खुर्ची वापरणाऱ्या रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयाला ईमेल केला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. खांब लावणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. नकाशा काढताना त्या खोलीत खुर्चीवरचं कुणी नव्हतं, एवढंच. त्याच वर्षी मुंबईत एका खुर्ची वापरणाऱ्या नवरीला विवाह नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं, कारण लिफ्ट नव्हती. बातमी झाली, माफी आली. लग्नाच्या दिवशी पोत्यासारखं उचललं जाणं माफीने पुसलं जात नाही.

पण या गोष्टी सक्तीच्या आहेत का, की फक्त मार्गदर्शक सूचना?

सक्तीच्याच. कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. नव्या इमारतीला सुगमतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाच द्यायचा नाही, असंही कलम ४४ सांगतं.

गोंधळ झाला तो नियम १५ मुळे. कायदा 'करावंच लागेल' म्हणत होता आणि नियमांनी ज्यांच्याकडे बोट दाखवलं त्या होत्या सल्लावजा मार्गदर्शिका. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत किमान, सक्तीचे निकष वेगळे काढायला सांगितलं. तेव्हा "ते फक्त गाइडलाइन आहे हो" असं कुणी म्हणालं तर हा निकाल पुढे ठेवा.

खर्चाचं काय? छोट्या नगरपरिषदेला हे झेपेल?

नव्या बांधकामात आधीच धरलं तर खर्च किरकोळ असतो. दार दोन फुटांऐवजी तीन फुटांचं काढायला कितीसे जास्त पैसे लागतात? तेच दार नंतर फोडून रुंद करायचं म्हटलं की ठेकेदार, निविदा, धूळ आणि वर्षभराची वाट. महाग असते ती विसराळूपणाची दुरुस्ती.

दिव्यांगांशी सल्लामसलत करायची म्हणजे काय करायचं? आम्ही ग्रामसभेची नोटीस लावतोच की.

नोटीस फलकावर लावली, अंध माणसाने वाचली कशी? दवंडी दिली, कर्णबधिराने ऐकली कशी? सभा पहिल्या मजल्यावर, मी पोहोचलो कसा? हे तीन प्रश्न स्वतःला विचारा.

भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याच्या कलम ४(३) मध्ये स्पष्ट आहे की दिव्यांगांशी संबंधित कायदे-धोरणं करताना त्यांच्याशी, त्यांच्या संघटनांमार्फत, जवळून विचारविनिमय करायचा. करार दिल्लीत झाला तरी तो पाळला जातो की नाही हे ग्रामसभेतच कळतं.

करता येण्यासारखं बरंच आहे. नोटीस गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजातही टाका आणि अक्षरांतही, फोटो नको. सभा तळमजल्यावर घ्या. जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळेतून सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलवा आणि त्याला मानधन द्या, 'समाजसेवा' म्हणून राबवून घेऊ नका. येण्याजाण्याचा रिक्षाखर्च द्या. दिव्यांग माणसाचा एका दिवसाच्या प्रवासाला लागणारा पैसा तुमच्यापेक्षा जास्त असतो, कारण एसटीच्या पायऱ्या त्याला चढता येत नाहीत.

एक खाचखळगा सांगतो, आमच्याच बाजूचा. बैठकीला नेहमी तेच तीन-चार पुढारी येतात, बहुतेक पुरुष, बहुतेक अस्थिव्यंग असलेले. मी त्यातलाच. आम्ही बोललो म्हणजे सगळ्यांचं बोलणं झालं, असं नाही. स्वमग्न मुलाची आई, मनोविकारातून सावरलेली ताई, घराबाहेर न पडलेला सेरेब्रल पाल्सीचा तरुण यांचं म्हणणं त्यांच्या घरी जाऊनच कळतं. आणि पालक हजर असले तरी प्रश्न त्या मुलालाच विचारा. उत्तर हळू येईल. थांबा.

राज्य पातळीवरही चित्र फार वेगळं नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्यात दिव्यांगांसाठी सल्लागार मंडळ हवं. आपल्या राज्यातलं ते मंडळ कार्यरत करा, असं २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं. दिव्यांग कल्याणासाठी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्याने स्वतंत्र विभाग काढला, हे तेवढंच खरं. विभाग आहे, पण सल्ला द्यायला बसायची जागाच रिकामी, असा तो तेव्हाचा प्रकार.

ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत आमच्यासाठी राखीव जागा आहे का?

महाराष्ट्रात नाही. तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदे बदलून स्थानिक संस्थांत दिव्यांगांना नामनिर्देशनाने घ्यायची तरतूद केली. आपल्याकडे ही मागणी आहे, पण तोवर कुणी हात बांधलेले नाहीत. ग्रामपंचायतीच्या समित्यांवर दिव्यांग सदस्य घ्यायला कोण अडवतंय?

सगळं ऑनलाइन केलंय. आता तर घरबसल्या होतं. तरी तक्रार?

घरबसल्या होतं, डोळे असतील तर.

अंध माणूस मोबाईल किंवा संगणक वापरतो तो स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर. ती अक्षरं वाचते, चित्रं नाही. आपले कित्येक शासन निर्णय आणि परिपत्रकं सही-शिक्क्यासह स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकलेली असतात. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते एक कोरं चित्र. दुसरी खास मराठी अडचण जुन्या फॉन्टची. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. डोळ्यांना मराठी दिसतो आणि कानाला इंग्रजी अक्षरांचा चिवडा ऐकू येतो. गंमत म्हणजे दिव्यांगांच्या योजनेचा अर्जच अशा रूपात मी पाहिला आहे. उपाय फुकट आहे: युनिकोडमध्ये टाइप करा, त्याच फाइलची पीडीएफ करा, सही वेगळी जोडा.

मग येतो चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा. मग केवायसीसाठी 'कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवा'. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांनी याविरुद्ध दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीच्या पद्धती बदलण्याचे निर्देश दिले. कुष्ठरोगाने बोटं झिजलेल्या आजींना रेशन दुकानात अंगठा उठत नाही, तीही याच माळेतली गोष्ट. कुठलीही योजना काढताना 'अंगठा नसेल तर? डोळा नसेल तर? ओटीपी ऐकू आला नाही तर?' हे पहिल्याच बैठकीत विचारायला काय हरकत आहे?

पेन्शन तर मिळतेय ना?

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना १५०० रुपये मिळायचे, २०२५ मध्ये ते २५०० केले. वाढ चांगली, आंदोलनं झाली म्हणून झाली. केंद्राची दिव्यांग पेन्शन मात्र २०१२ पासून महिना ३०० रुपयांवर होती, तीही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तरच. ३०० रुपयांत आज काय येतं, हे लिहायचीही गरज नाही.

२०१६ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जी रक्कम मिळते त्यापेक्षा दिव्यांगाची किमान २५ टक्के जास्त असावी. का? कारण तेवढ्याच आयुष्याला आम्हाला जास्त पैसे लागतात: रिक्षा, सोबतीचा माणूस, डायपर, दुरुस्ती, दवाखान्याच्या फेऱ्या. उत्पन्नाची अट ठरवताना हा खर्च कुणी वजा करत नाही. घरात दोन पैसे आले की योजनेतून नाव कटतं. त्यामुळे कमवायला लागलेल्या पोराला घरचेच म्हणतात, पगारपत्रक नको घेऊस.

पुराच्या आराखड्यात दिव्यांगांचं वेगळं काय असतं?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना सांगायला नकोत. रात्री भोंग्यावरून सूचना झाली की कर्णबधिर कुटुंब झोपलेलं राहतं. बोट दारात आली तरी खुर्चीवरचा माणूस त्यात चढवायचा कसा, हे कुणाला माहीत नसतं. निवारा शाळेत, शाळेला पायऱ्या, शौचालय भारतीय पद्धतीचं.

त्याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे. माहिती अधिकारात ही यादी आहे का, शेवटची अद्ययावत कधी केली, असं विचारा. नावं मागू नका, ती खासगी माहिती आहे. गावपातळीवर पावसाळ्याआधी प्रत्येक अशा घरामागे दोन शेजारी ठरवून ठेवले तरी पुष्कळ होतं.

ऐकलंच नाही तर तक्रार कुठे?

आधी त्याच कार्यालयात लेखी द्या. प्रत्येक सरकारी आस्थापनेने नोकरीसंबंधीच्या तक्रारींसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. इतर बाबींत थेट पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. चौकशीच्या कामात त्यांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. वकील लागत नाही. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख. दिव्यांगाचा जाहीर अपमान किंवा छळ केला तर कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे, त्यासाठी पोलिसांत जायचं.

अर्जात भावना कमी, मोजमाप जास्त लिहा. 'रॅम्प वाईट आहे' यापेक्षा 'उंची २४ इंच, लांबी ७ फूट, कठडा नाही, तारीख, फोटो' हे जास्त चालतं. मी टेप खिशात ठेवतो.

आमची मासिक सभा वरच्या मजल्यावर होते. लिफ्टला पैसे नाहीत. काय करू?

खाली घ्या. शाळेच्या वर्गात, देवळाच्या मंडपात, अंगणवाडीच्या ओसरीत. 'यापुढील सर्व सभा तळमजल्यावर घ्याव्यात' असा एका ओळीचा ठराव लागतो. सूचक, अनुमोदक, तारीख.